आकाशातला वळीव : प्रस्तावना

वैशाख सरत आला म्हणजे चांदवडच्या डोंगरावर दुपारी चारच्या सुमारास ढग दाटतात, आग्रा रस्त्यावरची धूळ एकाएकी उठते, आणि ज्याची सकाळी कोणी कल्पनाही केलेली नसते असा पाऊस एखाद्या शिवारावर घटकाभर कोसळून, उघड्यावर पडलेला उन्हाळ कांदा भिजवून, आला तसा निघून जातो. मात्र त्याच वेळी बांधापलीकडच्या रानात मातीचे ढेकूळही ओले झालेले नसते, आणि मामलेदार कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक कोरडा राहिल्यामुळे दप्तरात त्या दिवसापुढे ‘निरंक’ हा शब्द शांतपणे लिहिला जातो. ज्याचा कांदा गेला त्याला ती नोंद खोटी वाटते आणि नोंद करणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी असते. पाऊस पडला की नाही, या वरकरणी अगदी साध्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कोठे उभे होता व किती वेळ उभे होता यावर अवलंबून असते, ही गोष्ट आमच्या या अवर्षणप्रवण तालुक्यात लहान मुलालाही उपजत ठाऊक असते. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांना ती एका विशिष्ट जातीच्या ताऱ्यांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस जाणवू लागली, आणि त्या ताऱ्यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी एवढाच पुढील पृष्ठांचा उद्देश आहे.

या ताऱ्यांचे इंग्रजी नाव ‘सुपरजायंट फास्ट एक्स-रे ट्रान्झियंट’ असे लांबलचक आहे. त्याचे ‘महाराक्षसी-तारा-सहचर शीघ्र-क्षणिक क्ष-किरण उद्गम’ असे भाषांतर करून पाहिले, तेव्हा ते वाचून होईपर्यंत ताऱ्याचा उद्रेक आटोपून जाईल अशी मला धास्ती वाटली. म्हणून या पुस्तकात मी त्यांना सरळ ‘वळीव-तारे’ म्हटले आहे. परिभाषेच्या शुद्धतेविषयी आग्रही असणाऱ्यांनी हे स्वातंत्र्य क्षमा करावे. नाव सुटसुटीत असले म्हणजे विचारही सुटसुटीत होतो असे नाही, पण वाचक निदान पुढचे पान उलटतो.

विषय समजण्यास थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. क्ष-किरण मनुष्याच्या देहातून आरपार जातात म्हणून ते वाटेल त्यातून जात असतील असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला सुमारे दहा टन भरेल इतक्या वजनाची हवा उभी आहे आणि ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण ती भेदून जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे चांदवडच्या किल्ल्यावर कितीही मोठी दुर्बीण नेऊन बसविली तरी या विद्येत तिचा काडीचा उपयोग नाही. हवेच्या वर जावे लागते, आणि १९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जियाकोनी व त्यांचे सहकारी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून एक लहान अग्निबाण सोडून काही मिनिटांपुरते वर गेले, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण-उद्गम वृश्चिक राशीत सापडला. १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्यावरून ‘उहुरू’ हा उपग्रह वर गेला. स्वाहिली भाषेत त्या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य असा असून त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनीच तो सुटला होता. त्याने नरतुरंग तारकासमूहातील एका उद्गमाकडे पाहिले, तेव्हा तो दर ४.८ सेकंदांनी एकेक ठोका देतो आणि सुमारे २.१ दिवसांनी काही काळ लुप्त होतो असे आढळले, आणि त्यावरून निष्कर्ष निघाला तो असा की, एक अतिघन व वेगाने गिरकी घेणारा न्यूट्रॉन तारा एका प्रचंड ताऱ्याभोवती फिरत आहे व त्याच्या आड जाऊन वारंवार ग्रहण लावून घेत आहे.

या जोडप्याचे स्वरूप डोळ्यांपुढे उभे राहावे म्हणून एक घरगुती मोजमाप देतो. न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास वीस ते पंचवीस किलोमीटर असतो, म्हणजे चांदवडाहून मनमाडला जावे एवढेच त्याचे अंतर; पण तेवढ्या गोळ्यात आपल्या सूर्याच्या सुमारे दीडपट द्रव्य दाबून भरलेले असते. त्याचा सहचर मात्र सूर्याच्या वीस-पंचवीस पट वस्तुमानाचा निळा महाराक्षसी तारा असतो, आणि तो स्वतःच्या प्रकाशाच्या रेट्यानेच स्वतःचे द्रव्य सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने चहूकडे उधळीत असतो. या उधळपट्टीला ज्योतिर्विद ‘तारकीय वारा’ म्हणतात. दहा लाख वर्षांत एका सूर्याइतके द्रव्य खर्ची घालणारा हा खानदानी उधळ्या, आणि त्या वाऱ्यात फिरणारा हा चिमुकला कृपण! वाऱ्याचा अगदी अल्प अंश कृपणाच्या हाती लागतो. परंतु जो लागतो तो त्याच्या पृष्ठावर प्रकाशवेगाच्या निम्म्याच्या आसपास वेगाने आदळतो आणि त्यातून जी ऊर्जा बाहेर पडते ती त्याच वजनाच्या हायड्रोजनाच्या ज्वलनातून, म्हणजे सूर्याच्या गाभ्यात चालते त्या क्रियेतून, मिळणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून अधिक असते. दर सेकंदाला पाचएक अब्ज टन द्रव्य पडले तरी हा गोळा एकट्या क्ष-किरणांत सूर्याच्या एकूण तेजाच्या अडीचशे पट तळपतो. पाच अब्ज टन हा आकडा वाचून छाती दडपते, पण त्या उधळ्या सहचराच्या जमाखर्चात तो चिल्लर खुर्दा आहे.

शिडाच्या आकारात मांडलेल्या नक्षत्रातील ‘वेला एक्स-१’ हे या कुळातले सुस्वभावी उदाहरण होय. त्यातला न्यूट्रॉन तारा २८३ सेकंदांत एक गिरकी घेतो, ८.९६ दिवसांत सहचराभोवती फेरी मारतो, आणि चढउतार झाले तरी बारमाही तळपत राहतो. जोपर्यंत अशीच उदाहरणे हाती होती तोपर्यंत विद्वानांची समजूत अशी होती की, महाराक्षसी ताऱ्याचा वारा अखंड वाहतो, त्याअर्थी त्यावर पोसलेला क्ष-किरण-दीपही अखंड जळलाच पाहिजे. आणि असे दीप आकाशगंगेत फारसे सापडत नसल्यामुळे ते मुळात दुर्मिळ असावेत. पर्जन्यमापकात पाऊस नाही, त्याअर्थी तालुक्यात पाऊस नाही, असाच हा न्याय होता.

१९९७ साली आकाशगंगेच्या केंद्राच्या बाजूला एक उद्गम काही तासांपुरता भडकून विझला, तेव्हा या समजुतीस पहिला तडा गेला. मग २००२ च्या ऑक्टोबरात ‘इंटिग्रल’ हा युरोपीय उपग्रह वर गेला व आकाशगंगेच्या पट्ट्यावर नेमाने गस्त घालू लागला. १७ सप्टेंबर २००३ रोजी त्याच्या दृष्टिक्षेत्रात, मूळ व पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान किंचित उत्तरेस, जेथे काहीच नव्हते अशा ठिकाणी एक तेजस्वी बिंदू प्रकटला, सुमारे दोन तास टिकला, मावळला, आणि काही तासांनी पुन्हा भडकला. आकाशातील स्थानांकांवरून त्याला ‘आयजीआर जे१७५४४-२६१९’ असे रुक्ष नाव पडले. दृश्य प्रकाशात शोध घेता तेथे सूर्याच्या पंचवीस पटीहून अधिक वस्तुमानाचा निळा महाराक्षसी तारा आढळला. असे आणखीही निघत गेले, आणि २००५–०६ च्या सुमारास सर्वांना कबूल करावे लागले की ही एक निराळी जात आहे : सहचर तोच, वारा तोच, घरधनी तसाच कृपण, पण भोजन बारमाही नसून प्रासंगिक. या जातीचे खात्रीचे तारे आजही डझनाच्या आसपासच आहेत, आणि त्यांचे मोठे उद्रेक एकूण काळाच्या शेकडा पाचाहूनही कमी वेळ चालतात. दुर्बीण नेमकी त्या घटकेला तिकडे वळलेली नसेल तर नोंद ‘निरंक’.

या उद्रेकांतला चढउतार किती असावा? मंद अवस्थेत यांतला एखादा तारा क्ष-किरणांत सूर्याच्या एकूण तेजाचा चाळिसावा हिस्साच कसाबसा देतो, आणि काही मिनिटांत तो शेकडो किंवा हजारो सूर्यांइतका होतो. वर उल्लेखिलेला आयजीआर जे१७५४४-२६१९ हा तारा तर १० ऑक्टोबर २०१४ रोजी इतका भडकला की ‘स्विफ्ट’ उपग्रहाच्या मोजणीप्रमाणे त्याचे शिखरतेज सुमारे पाऊण लाख सूर्यांइतके भरले. म्हणजे त्याच्या किमान व कमाल अवस्थांत दहा लाखांहून अधिक पटीचे अंतर पडले. मोठ्या वाड्यात रात्री एकच समई मिणमिणत असावी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिच्या जागी दहा लाख समया पेटाव्यात, अशी ही तऱ्हा आहे.

याचे कारण काय, या प्रश्नाने पुस्तकाचा मोठा भाग व्यापला आहे आणि खरे सांगावयाचे तर मला स्वतःला या विषयाकडे ओढले ते याच प्रश्नाने. सुचण्यास सर्वांत सोपे उत्तर असे की तारकीय वारा सलग नसून गाठींचा आहे, त्यात घट्ट ढग व विरळ मोकळ्या जागा आहेत, आणि न्यूट्रॉन तारा एखाद्या ढगात शिरला की सर येते. वळवाची ओळख असलेल्या माणसाला हे तत्काळ पटते, आणि मलाही ते पटले होते. पण लवकर पटणाऱ्या उत्तरांविषयी संशय बाळगण्याचे वय आता झाले असल्यामुळे मी जरा थांबलो. अडचण अशी की आपला हा आयजीआर तारा ४.९३ दिवसांत फेरी पुरी करतो, म्हणजे तो वेला एक्स-१ पेक्षाही सहचराला बिलगून फिरतो, आणि जो उगमाच्या अधिक जवळ आहे त्याला वारा अधिक घन व अधिक सातत्याने मिळावयास हवा. प्रत्यक्षात दूरचा नित्य जेवतो आणि जवळचा उपाशी राहतो. केवळ ढगांच्या जोरावर हा उलटा व्यवहार उलगडत नाही.

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो की वाऱ्याबरोबर दरवाजाचाही विचार करा. न्यूट्रॉन ताऱ्याभोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र असते व ते ताऱ्याबरोबर गरगर फिरते. येणारे द्रव्य या फिरत्या वेशीपाशी अडते. आवक थोडी असेल तर वेस उघडत नाही, कधी उलट द्रव्यच बाहेर फेकले जाते. आवक एका मर्यादेपलीकडे गेली म्हणजे वेस एकदम खुली होते आणि साचलेला माल लोंढ्याने आत येतो. जकातीच्या नाक्यावर दोन बैलगाड्या आल्या तर नाकेदार त्यांना तासन्‌तास तिष्ठत ठेवतो आणि दोनशे गाड्यांचा तांडा आला की स्वतःच बाजूला होतो, तसे हे. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की द्रव्य वेशीबाहेर उष्ण कवचाच्या रूपाने तरंगत राहते व थंड होईल तसतसे सावकाश खाली झिरपते, आणि एरवीच्या मंद तेजाचे हेच कारण होय. वेशीचा सिद्धांत पूर्णपणे खरा ठरावयाचा तर, निदान त्याच्या मूळ स्वरूपात, या ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र नेहमीच्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या शंभर पटीने बलवत्तर, म्हणजे ‘मॅग्नेटार’ म्हणविल्या जाणाऱ्या जातीचे असावे लागते. तेव्हा वादाचा निकाल एका मोजणीवर येऊन ठेपला : क्षेत्र मोजा.

येथे या कथेत महाराष्ट्राचा प्रवेश होतो. पुण्याच्या आयुका या संस्थेत त्या वेळी कार्यरत असलेले वरुण भालेराव आणि त्यांचे देशोदेशीचे सहकारी यांनी ‘नूस्टार’ या अमेरिकी उपग्रहाने टिपलेला आपल्या त्याच आयजीआर ताऱ्याचा क्ष-किरण-वर्णपट तपासला व २०१५ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनाला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगण्याची मुभा नसते. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ठरावीक पायऱ्यांवरच त्याला उभे राहता येते, आणि पायऱ्यांमधील अंतर क्षेत्राच्या बळावर ठरते. तेवढ्याच ऊर्जेचे क्ष-किरण इलेक्ट्रॉन गिळून टाकतात, त्यामुळे वर्णपटात त्या जागी खळगा पडतो. भालेराव व सहकाऱ्यांना हा खळगा १७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसला. त्यावरून चुंबकीय क्षेत्र सुमारे दीड लाख कोटी गाऊस निघाले. आकडा प्रचंड वाटला तरी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या समाजात तो मध्यमवर्गीय आहे. वळीव-ताऱ्यांपैकी कोणाचेही चुंबकीय क्षेत्र मोजले जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता, आणि त्याने निदान या ताऱ्यापुरता मॅग्नेटारचा दावा फेटाळला.

प्रकरण येथे संपले असते तर प्रस्तावना सोपी झाली असती. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने एक्सएमएम-न्यूटन व नूस्टार या दोन उपग्रहांनी मिळून दीड लाख सेकंद केलेल्या निरीक्षणांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अवधीत सुमारे सात हजार सेकंदांचा एक झगझगीत उद्रेकही नेमका सापडला होता, आकडेवारी भरपूर होती. तथापि १७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खळग्याला त्यांना दुजोरा देता आला नाही, आणि या ताऱ्याच्या गिरकीचे जे काळ पूर्वी कोणी ७१ सेकंद तर कोणी ११.६ सेकंद असे सुचविले होते त्यांपैकीही एकाचा मागमूस लागला नाही.

होळकरांच्या अमदानीत चांदवडास टांकसाळ होती व येथला चांदवडी रुपया दूरवर चालत असे, हे येथल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या काळी ठिकठिकाणची नाणी बाजारात एकत्र फिरत, आणि रुपयावर ठसा एका घावात उमटला तरी सराफ तो ठशावर विश्वासून घेत नसे. तो वाजवून पाही, कस लावी, प्रसंगी बट्टा कापी, आणि पुढच्या गावचा सराफ पुन्हा पहिल्यापासून कस लावी. यात टांकसाळीचा अपमान आहे असे कोणालाही वाटत नसे. २०१५ च्या मोजणीचे आज असेच आहे. ती खोटी ठरलेली नाही. खळगा एका उद्रेकात असावा व दुसऱ्यात नसावा असेही घडू शकते, कारण द्रव्य पडण्याची तऱ्हा दर वेळी सारखी नसते. परंतु दुसऱ्या सराफाकडून तो रुपया अद्याप पूर्ण किमतीने परत आलेला नाही, हेही लपविण्याचे कारण नाही. आमच्याकडे मराठी माणसाचा संशोधनाशी संबंध आला की लेखक तत्काळ ढोलताशे काढतात आणि पुढची हकीकत सांगावयाची विसरतात. ही खोड मला नापसंत असल्यामुळे मी दोन्ही निबंधांना सारखीच जागा दिली आहे.

शेजारच्या दुसऱ्या एका जातीविषयी एक प्रकरण आहे, त्याचा येथे केवळ निर्देश करतो. ‘बी’ वर्गातील काही शीघ्रगती तारे स्वतःभोवती वायूचे चपटे कडे धारण करतात, आणि लंबवर्तुळाकार कक्षेतील न्यूट्रॉन तारा दर फेरीस त्या कड्याजवळ आला की भडकतो. आमच्या येथल्या रेणुकामातेची नवरात्रातली यात्रा जशी तिथीवर येते तसे यांचे उद्रेक तिथीवर येतात : वृषभेतील एक उद्गम १९७५ मध्ये सापडला, त्याची फेरी १११ दिवसांची. गंमत अशी की वळीव-ताऱ्यांतही एक असा निघाला आहे की जो सुमारे १६५ दिवसांनी नेमाने उगवतो, म्हणजे वळवालाही पंचांग लागू पडते! याच ‘बी’ कुळातील एक तारा २०१७ च्या ऑक्टोबरात असाधारण तेजाने पेटला, आणि तेव्हा आकाशात भारताचा स्वतःचा पहारेकरी हजर होता.

तो पहारेकरी म्हणजे २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘ॲस्ट्रोसॅट’. त्यामागे मोठी परंपरा आहे, व तिचा बराचसा भाग मुंबईच्या कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेतील मंडळी हैदराबादेहून प्रचंड फुगे सोडून क्ष-किरण-ताऱ्यांचा वेध घेत. १९७५ च्या एप्रिलात ‘आर्यभट’ वर गेला तेव्हा त्यावरही क्ष-किरणांचे उपकरण होते. पण चारएक दिवसांत वीजपुरवठा बिघडल्याने प्रयोग बंद पडले. १९९६ मध्ये एका दूरसंवेदन उपग्रहावर लहानशी उपकरणे पाहुणी म्हणून बसविली गेली. ॲस्ट्रोसॅटवरील मोठ्या क्ष-किरण-उपकरणांपैकी दोन कुलाब्यात सिद्ध झाली, आणि तिसऱ्याच्या उभारणीत कुलाब्याबरोबर पुण्याच्या आयुकाचा वाटा आहे. फुग्यापासून स्वतंत्र वेधशाळेपर्यंत पोहोचावयास पंचेचाळीसहून अधिक वर्षे लागली. ज्यांनी फुगे भरले त्यांतील कित्येकांचे केस दरम्यान पांढरे झाले, आणि या चिकाटीची हकीकत त्या शोधांहून कमी वाचनीय नाही असे माझे मत आहे.

या जोडप्यांचे भवितव्य काय, हे शेवटच्या प्रकरणात येते. उधळ्या सहचरही एक दिवस स्फोट पावेल. काही जोडपी त्या धक्क्याने विखुरतील, काहींत छोटा मोठ्याच्या पोटात जाईल, आणि थोड्यांच्या वाट्याला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी म्हणून उरणे व कालांतराने एकमेकांवर आदळणे येईल. तसल्या टकरींचा हादरा टिपण्यासाठी मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, लायगो-इंडियाची वेधशाळा योजिली आहे.

पुस्तक लिहिताना एक भान सतत राखावे लागले, ते असे की यातील पुष्कळसे ज्ञान न दिसलेल्या गोष्टींवर उभे आहे. उद्रेक किती वेळा झाला हे सांगताना किती वेळ पाहिले व काही दिसले नाही हेही सांगावे लागते, नाहीतर पहिल्या आकड्याला अर्थ उरत नाही. स्विफ्ट उपग्रहाने काही निवडक ताऱ्यांकडे अनेक महिने आठवड्यातून दोन-तीन वेळा डोकावण्याचा रतीब घातला, आणि त्या रतीबातली बहुसंख्य दर्शने नीरस होती. पण त्यांच्याच बेरजेतून कळले की हे तारे दोन उद्रेकांमध्ये पूर्णपणे विझलेले नसतात, मंद का होईना जेवत असतात. कोष्टके जेथे दिली आहेत तेथे रिकाम्या दर्शनांची संख्याही दिली आहे. वाचकांनी ती ओलांडून जाऊ नयेत.

ज्यांना प्रत्यक्ष पाहण्याची हौस असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो. वैशाखात पहाटे तीनच्या सुमारास चांदवडाहून दक्षिणेला पाहिले म्हणजे क्षितिजाच्या वर सुमारे त्रेचाळीस अंशांवर, आकाशगंगेच्या सर्वांत दाट भागात, आमच्या कथानायकाची, म्हणजे त्या आयजीआर ताऱ्याची, जागा येते. महाराक्षसी सहचर जवळजवळ तेराव्या प्रतीचा असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बऱ्यापैकी दुर्बीण असली तर नकाशा हाती धरून गर्दीतला एक क्षुल्लक ठिपका म्हणून ओळखता येतो. मी गेल्या वर्षी दोन रात्री तो पाहिला. तिसऱ्या रात्री मनमाडच्या बाजूने विजा चमकू लागल्या, दुर्बीण आवरून घरात आणावी लागली, आणि पाऊस मात्र आमच्याकडे आला नाही.

चांदवड